माळ्यावरची पागा: घोडदळाचं जुनं सामान कसं ओळखावं

ग्वाल्हेरात मराठी घरातल्या जुन्या पट्ट्याच्या बकलावर साप दिसला, की तो शिंद्यांचा नाग ठरतो. आमच्याकडेही ठरला होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या माळ्यावर ट्रंकेत एक चामडी पट्टा होता, पुढे दोन पितळी कड्या आणि त्यांना जोडणारा एक साप. वडील म्हणायचे, पणजोबांचा, महाराजांच्या पागेतला. मी पुढची पंधरा वर्षं आल्यागेल्याला तेच सांगत होतो.

मग एकदा खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. शिंद्यांच्या चिन्हातल्या नागाला फणा असतो, सोबत बहुधा सूर्य असतो; माधवराव महाराजांच्या नाण्यांवर तो सहज बघायला मिळतो. माझ्या बकलातला साप बिनफण्याचा, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळलेला. आणि ते चिन्ह नव्हतंच, तो नुसता आकडा होता: एक वळण या कडीत, दुसरं त्या कडीत. असे सापाचे आकडे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याच्या पट्ट्यांना सर्रास असत, पुढे इंग्लंडात शाळकरी पोरांच्या पट्ट्यांनाही आले. पट्टा पणजोबांचा असेलही. पण साप शिंद्यांचा नव्हता.

ज्यांच्या घरी असं काही निघालंय किंवा ज्यांनी भंगारवाल्याकडून एखादी रिकीब उचलून आणलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. नवशिका आधी शिक्का शोधतो, मग इंटरनेटवर तसाच फोटो शोधतो, आणि सामान हातात धरून बघायचं राहूनच जातं.

आधी काहीही पुसू नका

वस्तू मिळाली तशी, धुळीसकट, दिवसाउजेडी फोटो काढा. पुढून, मागून, कडेने, आणि प्रत्येक कडी-बकलाचा जवळून. घरात तिच्याबद्दल जी गोष्ट सांगतात ती वेगळ्या कागदावर लिहा, कोणी सांगितली तेही लिहा. ती खोटी म्हणून नव्हे. वस्तू बघताना ती डोळ्यांवर बसते, म्हणून.

पितळ चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. आमच्या एका काकांनी रिकिबींची जोडी दिवाळीला समईबरोबर घासून लखलखीत केली. आता त्यावर पूर्वी अक्षरं होती एवढंच कळतं, कोणती ते नाही. चामड्याला खोबरेल पाजू नका. जुनं चामडं तेल पिऊन काळं पडतं, शिवण सैल होते आणि ठसा फुगून मिटतो. हात लावल्यावर बोटाला तांबूस भुगा लागत असेल तर ते चामडं आतून कुजतंय. ते वाकवू नका, बकल उघडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका.

हत्यारं साधी हवीत: दहापट मोठं दाखवणारं भिंग, इंचाची आणि मिलिमीटरची पट्टी, छोटं लोहचुंबक, टॉर्च, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल.

ही वस्तू घोड्याची, माणसाची की खेचराची?

काळ ठरवायच्या आधी नाव ठरवा. आपल्याकडे यासाठी सगळे शब्द तयार आहेत. तोंडात लोखंडी कडियाळं, त्याला लगाम. पाठीवर खोगीर किंवा जीन, त्याखाली नमदा. पोटाखालून तंग, शेपटीखालून दुमची, छातीवरून जेरबंद. चंदीला तोबरा, अंग घासायला खरारा, बांधायला अगाडी-पिछाडी आणि मेखा. इंग्रजांनी जीनखालच्या लोकरी घडीला ‘नम्ना’ म्हटलं ते आपल्याच नमद्यावरून. त्यामुळे त्यांच्या जुन्या यादीत हा शब्द दिसला तर बावचळू नका.

नाव कळत नसेल तर झीज बघा. रिकिबीच्या चामड्याला एकाच जागी आडवी घडी पडलेली असते, कारण स्वार आपलं भोक सहसा बदलत नाही. तंगाची घोड्याकडची बाजू घामाने काळी आणि गुळगुळीत होते, बाहेरची उन्हाने फिकी. माणसाच्या पट्ट्याला घोड्याच्या घामाचा तो राप नसतो. सगळीकडे सारखीच झीज असेल तर शंका घ्या; खऱ्या वापरात तसं होत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. हिंदुस्थानी घोडदळातले घोडे जाऊन चिलखती गाड्या यायला १९३८ पासून सुरुवात झाली. मग १९४२ चा शिक्का असलेलं जीनसामान कुठून आलं? बरंचसं खेचरांचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या डोंगरांत माल आणि तोफांचे भाग खेचरांच्या पाठीवरून जात. ओझ्याच्या खोगिराला बसायची जागा नसते, आकडे आणि कड्याच जास्त असतात. बैठक नसेल तर ‘आजोबा यावर बसून लढले’ हे वाक्य खोडायला लागतं.

चामडं, दोरा आणि पट्टीची कड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

चामड्याची कापलेली कड भिंगाखाली बघा. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. उत्तरेत बाभळीची साल वापरत, कानपूरचा चामड्याचा धंदा बराचसा तिच्यावर उभा राहिला. क्रोमने कमावलेल्या चामड्याची कड निळसर-करडी दिसते. क्रोमची पद्धत धंद्यात आली ती १८८० नंतर. म्हणजे निळसर कडेचा पट्टा कोणी १८५७ चा म्हणून दाखवला तर चहा पिऊन उठावं.

मग शिवण. जीनगर दोन सुयांनी शिवायचा, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जाई. आरीचं भोक तिरकं, चपटं असतं आणि टाके थोडे पुढेमागे होतात. यंत्राचं भोक गोल आणि अंतर काटेकोर. हाताची शिवण म्हणजे फार जुनं असं मात्र नाही, जीनकाम आजही हाताने होतं. उपयोग उलट्या बाजूने होतो: मूळ शिवण यंत्राची असेल तर वस्तू फार मागे नेता येत नाही.

दोऱ्याचा लोंबता तुकडा असेल तर तो कापून, वस्तूपासून लांब, चिमट्यात धरून जाळा. सुती-तागाचा दोरा कागदासारखा जळून राख होतो, नायलॉनचा वितळून गोळी होते. नायलॉन बाजारात आलं १९३८ नंतर, आपल्या मोच्यांच्या हातात त्याहून बरंच उशिरा.

चामड्याच्या पट्टीची रुंदी मोजा. इंग्रजी नमुन्याचं सामान इंचांत कापलेलं असे: सव्वा इंच म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर, दीड इंच म्हणजे ३८, दोन इंच म्हणजे ५१. पट्टी बरोबर ३० किंवा ४० मिलिमीटर भरली तर ती बहुधा मेट्रिक मापं रुळल्यानंतरची, म्हणजे आपल्याकडे १९६० च्या आसपासची किंवा पुढची. चामडं आक्रसतं, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तर फारच, म्हणून एका मोजणीवर भरवसा नको. बकलाच्या आतली रुंदी मोजा, धातू आक्रसत नाही.

धातूवर चुंबक फिरवा. पितळेला चुंबक चिकटलं तर ते पितळ नाही, मुलामा आहे. निकेलचा मुलामा पिवळसर झाकेचा असतो, क्रोमचा निळसर आरशासारखा. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर सर्रास झाला. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर १९३० च्या दशकाच्या आधीचं काहीही बोलू नका, निदान त्या स्क्रूबद्दल तरी.

‘त्या स्क्रूबद्दल’ हे मुद्दाम म्हणतोय. वस्तूतला सगळ्यात तरुण *मूळ* भाग जेवढा जुना, तेवढीच वस्तू जुनी. दुरुस्तीचा भाग यात धरायचा नाही, आणि कौशल्य आहे ते मूळ आणि दुरुस्ती वेगळी करण्यात. माझ्याकडे काडतुसांचा एक खांद्यावरचा पट्टा आहे, पाच खिशांचा. एका खिशाचं झाकण पांढऱ्या नायलॉनने शिवलंय. पण त्या टाक्यांच्या शेजारीच जुनी, तिरकी, रिकामी भोकं दिसतात, बाकी चार खिशांवर आहेत तशीच. म्हणजे झाकण मूळचं, शिवण कंपू भागातल्या कुठल्याशा मोच्याची. रिकामी भोकं कधी बुजवू नका. तीच तुमची साक्षीदार.

आता शिक्का

टॉर्च समोरून मारू नका. खोलीत अंधार करून वस्तूच्या अगदी कडेने, जवळजवळ आडवा प्रकाश टाका. सपाट वाटणाऱ्या चामड्यावर अचानक अक्षरं उठून येतात. मग बटर पेपर ठेवून पेन्सिल हलकी फिरवा. चामडं भुरभुरत असेल तर पेन्सिल नको, फोटोवरच भागवा.

कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालकी. त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. बाण ‘सी’च्या पोटात असेल तर कॅनडाचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर माल सैन्यातून काढून विकून टाकलेला. अशी वस्तू घरात असणं म्हणजे कोणी ती लढाईतून आणली असंच नाही. कदाचित लिलावात घेतली. तलवारीच्या पात्यावर ‘आय एस डी’ असेल तर ती विलायतेत बनून हिंदुस्थानी फौजेसाठी खरेदी झालेली. चार भागांत विभागलेला बदाम किंवा मुकुट धरून उभा राहिलेला सिंह हे कंपनी सरकारचे छाप. ते बहुतेक बंदुकांच्या चापावर मिळतात, बदाम आधीचा, सिंह नंतरचा.

राजाची आद्याक्षरं सरळ आहेत: व्हिक्टोरियाची ‘व्ही आर’ १९०१ पर्यंत, एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. हिंदुस्थानी सामानावर सम्राट या अर्थाचा ‘आय’ जोडलेला, म्हणून ‘जी आर आय’. १९५० नंतर अशोकस्तंभाचे सिंह. कानपूरचं नाव इंग्रजीत ‘सी-ए-डब्ल्यू’ने सुरू होत असेल तर शिक्का १९४८ च्या आधीचा, त्यानंतर ‘के’ने सुरू होणारं स्पेलिंग आलं. सरकारी जीनसामानाचा कारखाना कानपुरातच होता, १८६० च्या दशकापासून, त्यामुळे आपल्या भागात हाच शिक्का जास्त हाती लागतो.

आता नवशिक्याची ठरलेली चूक. ‘१९१२ चा नमुना’ म्हणजे १९१२ साली बनलेली वस्तू नव्हे. नमुना मंजूर झाल्याचं ते साल. १९१२ च्या नमुन्याचं खोगीर दुसऱ्या महायुद्धातही वापरात होतं. ते ओळखायला सोपं आहे: लाकडी फळ्या पोलादी कमानीला अशा जोडलेल्या असतात की त्या घोड्याच्या पाठीप्रमाणे थोड्या हलतात. आधीच्या १८९० आणि १९०२ च्या नमुन्यांत त्या रिव्हेटने पक्क्या. फळी हलकेच दाबून बघा. बनल्याचं साल हवं असेल तर ते कारखानदाराच्या नावाजवळ, कधी नुसत्या दोन आकड्यांत, वेगळं असतं.

काडतुसांच्या चामडी पट्ट्यातही हेच. नमुना १९०३ चा. प्रत्येक खिशात पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, म्हणजे दहा. पाच खिशांचा पट्टा पायदळाकडे पन्नास काडतुसांचा. स्वाराच्या पट्ट्याला पाठीमागे आणखी चार खिसे, एकूण नव्वद. म्हणजे वर सांगितलेला माझा पाच खिशांचा पट्टा बहुधा स्वाराचा नाहीच. हे कळलं त्या दिवशी जरा वाईट वाटलं होतं.

स्वार बंदूक ज्यात खोचून ठेवी त्या चामडी नळ्याची लांबीही बोलते. स्वाराकडे आधी आखूड कार्बाइन असे. १९०३-०४ च्या सुमाराला घोडदळ आणि पायदळ दोघांसाठी एकच ली-एनफिल्ड रायफल आली. आखूड नळा त्या आधीच्या पिढीचा, लांब नळा नंतरचा.

तलवारींबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. एवढंच लक्षात ठेवा: रुंद, वाकडं, टोकाकडे पसरलेलं पातं आणि मुठीवर एकच कमान, हा १७९६ चा हलक्या घोडदळाचा नमुना, आपल्याकडच्या लोहारांनी त्याची भरपूर नक्कल केली. मुठीवर तीन सळ्यांची जाळी असेल तर १८२१. सरळसोट, फक्त भोसकायचं पातं आणि पत्र्याच्या वाटीसारखं मुठीचं आवरण, हे १९०८. भाल्याला आपल्या फौजेत बांबूच असे. ब्रिटिश सैन्याने भाला लढाईतून १९२७ साली काढला, संचलनात मात्र ठेवला. नालेवरून काळ ठरवायला जाऊ नका, वेळ फुकट जातो.

आणि शिक्काच नसेल तर?

ग्वाल्हेरात ही अडचण नेहमीची, आणि इथे आपल्याच भाषेतले दोन शब्द कामी येतात: शिलेदार आणि बारगीर. बारगिराला घोडा आणि सामान सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी घोडदळात हीच पद्धत ‘सिलादार’ नावाने चालवली. नवा स्वार ‘असामी’ची रक्कम भरे आणि रेजिमेंट त्या पैशातून तिच्या पसंतीचं सामान तिच्या कंत्राटदाराकडून घेई. १९२१ मध्ये ३९ रेजिमेंटांच्या २१ झाल्या तेव्हा ही पद्धत संपली. म्हणजे १९२१ च्या आधीच्या अशा सामानावर सरकारी बाण नसणं अगदी स्वाभाविक. बाण नाही म्हणून वस्तू बनावट नाही, आणि बाण नाही म्हणून ती पानिपताचीही नाही.

शिंद्यांच्या जुन्या स्वारीचं खोगीर हातात घेताच वेगळं लागतं. आत लाकडी सांगाडा नसतो, लोकर-चिंध्या-गवत भरलेल्या गाद्या असतात. ‘खोगीरभरती’ हा शब्द त्यातूनच आला. उसवलेल्या जागेतून ती भरती डोकावत असेल तर ओढून काढू नका. तिच्यात कधी कधी जुनं छापील कापड किंवा कागद निघतो आणि त्यावरून काळ ठरतो. मोडीतली चिठ्ठी निघाली तर हरखून जाऊ नका. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती, त्यामुळे नुसत्या लिपीने काळ ठरत नाही. मजकूर वाचणारा शोधा.

वस्तू गावाच्या कोणत्या भागातून आली तेही विचारा. लष्कर म्हणजे १८१० च्या सुमाराला पडलेला दौलतरावांचा तळ, कंपू म्हणजे कॅम्प. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियारच्या लढाया झाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांखालची ‘ग्वाल्हेर काँटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली आणि तीच १८५७ साली उठली. मुरारला त्यानंतर १८८६ पर्यंत ब्रिटिश छावणी होती, त्यामुळे तिथल्या वाड्यात निघालेली रिकीब गोऱ्या स्वाराचीही असू शकते. १८८९ पासून संस्थानाची इम्पीरियल सर्व्हिस फौज, म्हणजे साम्राज्याच्या मदतीसाठी ठेवलेली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये ग्वाल्हेर लान्सर्सचे स्वार आजच्या ६१ कॅव्हलरीत गेले. एकाच गल्लीत पाच फौजांचं सामान. ‘ग्वाल्हेरचं घोडदळ’ एवढंच लिहिलेलं लेबल म्हणून निरुपयोगी. तुलनेसाठी जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात एक दुपार घालवा, पाट्यांपेक्षा वस्तूंच्या कडा बघत.

बनावट माल, आणि कायद्याचं दोन ओळींत

कानपुरात आजही उत्तम जीनसामान बनतं, सिनेमा आणि हौशी मंडळींसाठी जुन्या नमुन्यांच्या नकलाही बनतात. बनवणाऱ्याची त्यात काही चूक नाही. चूक त्याला चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ करणाऱ्याची. खरा ठसा चामड्यात दाबलेला असतो आणि त्याच्या खोलगट भागात शतकाचा मळ बसलेला असतो. नकलेत पट्टी जुनाट आणि ठशाचा तळ स्वच्छ, किंवा भोकं सगळी ताजी, एकही ताणलेलं नाही.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि धंदा करायचा तर परवाना लागतो. तलवार, भाला किंवा बंदूक निघाली तर शस्त्र कायद्याचं स्थानिक ठाण्यात विचारून घ्या. पट्ट्याच्या खिशात काडतूस राहिलेलं असेल तर हात लावू नका, ठोकून तर मुळीच बघू नका. पोलिसांना बोलवा.

कार्ड लिहा

शेवटी प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. काय दिसलं, काय मोजलं, त्यावरून काय निघतं, आणि घरची आठवण अगदी शेवटी, वेगळी. काळ एका सालात लिहू नका, ‘यानंतर’ आणि ‘याआधी’ असा लिहा. वस्तू सुती कापडात, हवा खेळेल अशी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवड्यात बुरशी येते.

सापाच्या पट्ट्याचं माझं कार्ड असं आहे: ‘माणसाचा कमरपट्टा. चामडं सालीने कमावलेलं, कड आतपर्यंत तपकिरी. रुंदी दीड इंच. हाताची शिवण, दुरुस्ती नाही. पितळी आकडा, बिनफण्याचा साप. शिक्का नाही. ब्रिटिश धर्तीचा, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते पहिलं महायुद्ध. घरची आठवण: पणजोबांचा.’

वडिलांना वाचून दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, “ठीक आहे. पण पागेतला होता, तेवढं लिही खाली.”

लिहिलंय. पेन्सिलीने.